'न्यूरोमॅन्सर' वाचायची आहे? मग या वाटेने या

विल्यम गिब्सनची विज्ञानकादंबरी 'न्यूरोमॅन्सर' पन्नासेक पानांवर सोडून दिलेली माणसं मला सारखी भेटतात. चांगली वाचणारी माणसं असतात. 'काही कळतच नाही हो' म्हणतात आणि पुस्तक परत करतात. माझी ही अतिशय आवडती कादंबरी आहे. ती अशी हातातून सुटू नये, म्हणून ती कशी वाचावी ते सविस्तर लिहिते आहे.

आपल्यापैकी बरेचजण विज्ञानकथेकडे जयंत नारळीकरांचं बोट धरून आलो. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांची 'कृष्णविवर' पहिली आली, पुढे 'यक्षांची देणगी' आलं. त्या कथांमध्ये विज्ञान नीट उलगडून सांगितलेलं असतं. आधी कल्पना समजते, मग तिच्यावर गोष्ट उभी राहते. मला ती पद्धत आजही आवडते. पण गिब्सन काहीच उलगडून सांगत नाही. आपण फोनवर बोलताना फोन म्हणजे काय हे समोरच्याला सांगत बसतो का? त्याची पात्रंही सांगत नाहीत. म्हणून एकदम त्याच्या दारात जाऊन उभं राहू नका. मधे तीन-चार मुक्काम करा.

पहिला मुक्काम आयझॅक असिमॉव्हची 'द केव्ह्ज ऑफ स्टील', १९५४ सालची. खुनाचा तपास आहे. इलायजा बेली नावाचा पोलीस आणि आर. डॅनील ऑलिव्हॉ हा यंत्रमानव जोडीने तो करतात. न्यूयॉर्क शहर सगळं छताखाली गेलेलं आहे आणि बेलीला उघड्या आकाशाची धास्ती वाटते. असिमॉव्ह सगळं समजावतो, त्यामुळे वाचायला अवघड नाही. तुम्ही फक्त गर्दीकडे लक्ष द्या. सार्वजनिक स्वच्छतागृहात पुरुषांनी एकमेकांशी बोलायचं नाही, एकमेकांकडे बघायचंही नाही, असा तिथला रिवाज आहे. चाळीत वाढलेल्या माणसाला तो लगेच पटेल. जागा कमी पडली की माणसं अशीच न बघण्याची शिस्त लावून घेतात.

मग अल्फ्रेड बेस्टरची 'द स्टार्स माय डेस्टिनेशन'. ती १९५६ मध्ये ब्रिटनमध्ये 'टायगर! टायगर!' या नावाने आली. फुटलेल्या यानात अडकलेल्या गली फॉयलला दुसरं एक यान दिसतं, तो मदत मागतो, आणि ते यान त्याला तसंच सोडून निघून जातं. तिथून पुढे सगळा सूड. सत्ता बड्या व्यापारी घराण्यांच्या हातात आहे, आणि फॉयल स्वतःच्या अंगात तारा बसवून घेतो. दातावर जीभ दाबली की तो इतरांपेक्षा कितीतरी वेगाने हलू लागतो. सायबरपंकची, म्हणजे संगणक, बड्या कंपन्या आणि कडेला पडलेली माणसं यांच्या विज्ञानकथांची, मुळं शोधायची तर ती इथे सापडतात. ही भराभर वाचा, तिचा वेगच तसा आहे.

तिसरी फिलिप के. डिकची 'डू अँड्रॉइड्स ड्रीम ऑफ इलेक्ट्रिक शीप?', १९६८ची. तिच्यावरून निघालेला 'ब्लेड रनर' १९८२ साली आला. तो पाहिला असेल तर थोडा वेळ विसरा, कारण पुस्तकाचा जीव चित्रपटात न आलेल्या गोष्टींत आहे. युद्धानंतर बहुतेक प्राणी मेलेले आहेत, म्हणून जिवंत प्राणी पाळणं ही प्रतिष्ठा. पळालेल्या यंत्रमानवांची शिकार करणाऱ्या रिक डेकार्डच्या गच्चीवरची मेंढी यांत्रिक आहे, त्याची त्याला लाज वाटते आणि शेजाऱ्याला ते कळू नये असं वाटतं. खिशात तो प्राण्यांच्या किमतींचं पुस्तक बाळगतो. पहिल्याच प्रकरणात नवरा-बायकोचं भांडण आहे: मनाची अवस्था बदलणारं यंत्र आज कोणत्या आकड्यावर लावायचं? बायकोने आपल्या वेळापत्रकात मुद्दाम काही तास निराशेचे ठेवलेले असतात. जगाची अशी अवस्था असताना काहीच न वाटणं तिला चुकीचं वाटतं. ते प्रकरण मला फार मोठं वाटतं. सावकाश वाचा.

आता गिब्सन, पण आधी त्याच्या कथा. 'बर्निंग क्रोम' हा संग्रह १९८६ चा, त्यातल्या दोनच वाचल्या तरी चालेल. 'जॉनी न्यूमॉनिक'मध्ये मॉली भेटते, डोळ्यांच्या जागी आरसे आणि नखांखाली पाती असलेली. हीच मॉली पुढे 'न्यूरोमॅन्सर'मध्ये येते आणि जॉनीचं काय झालं ते सांगते. 'बर्निंग क्रोम' ही शीर्षककथा १९८२ची. सायबरस्पेस, म्हणजे संगणकांच्या जाळ्यातलं जग, हा शब्द गिब्सनने तिथे पहिल्यांदा वापरला.

एवढं झालं की 'न्यूरोमॅन्सर' (१९८४) उघडा. पहिल्याच वाक्यात आकाशाचा रंग बंद चॅनलवर लावलेल्या टीव्हीसारखा आहे. निळा पडदा डोळ्यासमोर आणू नका. जुन्या टीव्हीवर मुंग्या यायच्या ना, तो करडा रंग.

ही चोरीची गोष्ट आहे हे मनात पक्कं ठेवा. एक टोळी जमवली जाते, प्रत्येकाला काम वाटून दिलं जातं, घर फोडायचं असतं. केस हा संगणकात शिरून चोऱ्या करणारा. मालकाचंच चोरल्यामुळे त्यांनी त्याची मज्जासंस्था जाळून टाकली. टोळी जमवणारा आर्मिटेज ती दुरुस्त करून देतो, पण रक्तवाहिन्यांत विषाच्या बारीक पिशव्या लावून, म्हणजे काम वेळेत झालंच पाहिजे. वहीच्या पानावर एकच गोष्ट लिहीत जा: कोण कोणाच्या पैशावर काम करतंय. कथानकाचा धागा त्यातच आहे.

वाचक हरवतो ती जागा बहुतेक एकच असते. केस डेकवर, म्हणजे त्याच्या संगणकावर, बसलेला असतो आणि एक बटण दाबून मॉलीच्या शरीरात जातो. ती बघते ते त्याला दिसतं, तिचा पाय मोडतो ती कळ त्याला लागते, पण त्याला तिच्याशी बोलता येत नाही. हे परिच्छेदाच्या मध्येच होतं, सूचना न देता. तेव्हा जागा अचानक बदलली, चालणं-पळणं सुरू झालं की समजा, आपण मॉलीकडे आहोत. पहिल्या वाचनात मी समासात पेन्सिलीने 'म' लिहीत गेले. तुम्हीही लिहा. अनोळखी शब्दांसाठी मात्र थांबू नका. आइस म्हणजे माहितीभोवतीचा पहारा, एवढं कळलं तरी पुष्कळ पुढे जाता येतं.

दोन प्रसंगांवर रेंगाळा. केसचा गुरू डिक्सी फ्लॅटलाइन मेलेला आहे, त्याचं मन फक्त एका साठ्यात नोंदून ठेवलंय. केस त्याला सुरू करतो, बोलतो, तोडतो, पुन्हा जोडतो आणि विचारतो, क्षणापूर्वीचं आठवतं का? नाही आठवत. बोलणं तसंच, गमतीजमती त्याच, पण मागचा क्षणच नाही. पुढे डिक्सी कामाच्या बदल्यात एकच मागणं करतो: झालं की मला पुसून टाका. यंत्राला मन असतं का यावर मी बरंच वाचलंय. एवढं थेट काही वाचलेलं नाही.

दुसरा प्रसंग इस्तंबूलच्या हॉटेलातला. सार्वजनिक फोनची रांग आहे. एक वाजतो, केस उचलतो, विंटरम्यूट नावाची यंत्रबुद्धी बोलायला बघते, तो फोन ठेवतो. परत जाताना त्याला रांगेसमोरून जावं लागतं आणि तो जसजसा पुढे जातो तसतसा प्रत्येक फोन एकदाच वाजून थांबतो. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली आहे. ओळीने फोन वाजवणं अवघड नाही. पण माणसाच्या पावलाशी जुळवून वाजवायचे तर तो कुठे पोचलाय हे दिसायला हवं, आणि कुठला नंबर भिंतीवर कुठे टांगलाय तेही ठाऊक हवं. गिब्सन हे काहीच सांगत नाही. घंटा तेवढ्या वाजवतो. तिथे माझ्या अंगावर काटा येतो, अजूनही.

सगळं आवडेल असं नाही. झायन या अवकाशवस्तीतली रास्ताफारी माणसं मला वरवरची वाटतात, आणि लिंडा ली या मुलीला लेखकाने फार कमी दिलंय.

नील स्टीफन्सनची 'स्नो क्रॅश' (१९९२) नंतर वाचा, सुरुवातीची पिझ्झा पोचवण्याची धावपळ झकास आहे. मधली प्राचीन सुमेर संस्कृतीवरची लांबलचक चर्चा चाळली तरी चालेल. 'न्यूरोमॅन्सर'नंतर लगेच हवी असेल तर गिब्सनचीच 'काउंट झिरो' घ्या, सात वर्षांनंतरचा काळ आहे. तीन माणसांची प्रकरणं आळीपाळीने येतात, त्यामुळे वाट सापडते. त्यातली मार्ली एका अनाम कलावंताने केलेल्या पेट्यांचा माग काढत जाते. निदान तिची प्रकरणं तरी वाचाच.