ऐतिहासिक पोशाख घरी शिवताय? मग या चुका टाळा

जुन्या काळातले पोशाख शिवायचा नाद लागला की सुरुवातीला सगळं भारी वाटतं, फोनमध्ये म्युझियममधल्या गाऊनचे फोटो साठतात, कापड घरी येतं, आणि मग कधीतरी अर्धवट जोडलेली बाही पिशवीत जाते ती परत बाहेर येतच नाही. हात चांगला नाही म्हणून असं होतं असं मला अजिबात वाटत नाही. नोकरी, घर, अभ्यास सांभाळून शिवणाऱ्यांचा बहुतेक वेळा क्रम चुकतो, म्हणजे कुठला थर आधी शिवायचा आणि कुठलं काम कुठल्या वेळेला करायचं, हे दोन्ही. खालच्या बऱ्याच चुका फिरून तिथेच येतात.

नुसता "जुना काळ" धरून कापड घेणं

आधी दशक ठरवा. युरोपातलाच विचार केला तरी १७७५ चा गाऊन आतल्या ताठ स्टेजमुळे (stays, कॉर्सेटसारखं कडक पट्ट्यांचं आतलं पोलकं) वरून शंकूसारखा दिसतो, १८०५ च्या आसपास कंबर थेट छातीच्या खाली सरकते आणि कापड हलकं सुती होतं, १८६० ला कंबर परत खाली आणि घागरा घंटेसारखा फुललेला. तो फुलोरा कापडाचा नाही, १८५६ ला पेटंट झालेल्या स्टीलच्या कड्यांच्या क्रिनोलिनचा, म्हणजे घागऱ्याखालच्या सांगाड्याचा. हे तिन्ही एकत्र केले की पोशाख कुठलाच वाटत नाही आणि नेमकं काय खटकतंय तेही कळत नाही.

काळ ठरला की बाकीचे प्रश्न आपोआप सुटत जातात. पर्किनने पहिला कृत्रिम जांभळा रंग बनवला १८५६ मध्ये, त्यामुळे झगझगीत जांभळा त्याआधीच्या पोशाखावर नको. चेन (झिप) विसाव्या शतकातली. दोरी ओवायच्या भोकांना धातूच्या रिंगा एकोणिसाव्या शतकात आल्या, त्याआधी ती भोकं हाताने दोऱ्याने भरायचे. होवेचं शिलाई मशीनचं पेटंट १८४६ चं, म्हणजे अठराव्या शतकातलं काही शिवताय तर आतल्या लांब शिलाया बिनधास्त मशीनवर घाला पण वरून दिसणारी टीप हातानेच घाला. एवढ्या एका गोष्टीने पोशाख कितीतरी खरा दिसतो.

बाहेरचा पोशाख आधी शिवणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. गाऊनचं कापड सुंदर असतं, आतल्या शेमीजमध्ये, म्हणजे अंगाला लागून घालायच्या सैल झग्यामध्ये, काही मजा वाटत नाही, त्यामुळे सगळे गाऊनलाच आधी कात्री लावतात. पण शेमीज, मग स्टेज किंवा कॉर्सेट, मग कमरेचे पॅड किंवा कडी, मग पेटीकोट, आणि त्यावर गाऊन असा तो डोलारा असतो, आणि प्रत्येक थराने मापं बदलतात. स्टेज घातल्यावर छाती वर उचलली जाते, पाठ सरळ होते, त्यामुळे गळ्यापासून कमरेपर्यंतचं पुढचं माप बदलतं. रोजच्या कपड्यावर घेतलेल्या मापाने गाऊन कापला तर पुढे आडव्या सुरकुत्या पडणारच. तेव्हा आधी आतले कपडे पूर्ण करा, ते घालून परत टेप लावा आणि मगच गाऊन कापा. मध्ये मोठा खंड पडला असेल तर परत मापं घ्या, शरीर तेवढ्यात बदललेलं असतं.

मुंढा खोल कापणं

यावर जरा थांबते, कारण "हात वर केला की अख्खं पोलकं वर चढतं" ही तक्रार सारखी येते. ट्रायलला काखेत आवळलं की आपण काय करतो, मुंढा, म्हणजे बाही जोडायचं भोक, खालून अजून थोडा कापतो. तात्पुरतं मोकळं वाटतं पण होतं उलटंच. काखेची शिवण जितकी खाली जाते तितकं हात उचलताना अंगाचं कापड बाहीबरोबर ओढलं जातं. अठराव्या शतकातल्या पोलक्यांचा मुंढा लहान असतो, काखेला अगदी लागून, पाठ अरुंद असते आणि बाही कोपरात किंचित वाकलेली कापतात. मापाच्या टेबलवर हे चुकीचं वाटतं, अंगावर घातल्यावर मात्र हात छान फिरतो.

मग आवळतंय त्याचं काय? बहुतेक वेळा ते खाली नसतंच, पुढच्या बाजूला छाती आणि खांद्याच्या मधल्या वळणावर असतं. मांजरपाटाचा नमुना (चांगल्या कापडाआधी स्वस्त कापडात शिवून बघायचं पोलकं) अंगावर असतानाच हात पुढे घ्या, जणू समोरच्या टेबलावरचं काही उचलताय, आणि जिथे कड रुततेय तिथे मार्जिनमध्ये (शिवणीबाहेर सोडलेल्या कापडात) छोटे छोटे काप द्या. थोडं थोडं करत जा, परत हात फिरवून बघा. मोकळं झालं की थांबा, आणि फक्त त्या पुढच्या वळणावरचंच कापड काढा. काखेखाली कात्री नेऊच नका. आधीच खोल कापला गेला असेल तर काखेत चौकोनी तुकडा जोडता येतो. जुन्या युरोपियन शर्टांत तो असायचाच, तुकडा उरेब पडेल (धागे तिरके येतील) असा बसवायचा म्हणजे ताणला जातो.

नमुना न करता थेट चांगलं कापड कापणाऱ्यांना मी एवढंच म्हणेन, की मांजरपाट त्यासाठीच असतं. निदान पोलकं आणि एका बाहीचा तरी नमुना करा. घागऱ्याचा नाही केला तरी चालतं.

घागऱ्याची लांबी खालून सारखी करणं

बसल (मागून घागरा फुगवायची चौकट किंवा उशी) किंवा कमरेच्या पॅडवर घागरा घातला की मागून वर उचलला जातो. मग खालून कापून सारखं करायला जातात आणि काठ असलेलं कापड असलं तर काठच जातो. अठराव्या शतकातल्या पेटीकोटला खालची कड सरळ धाग्यातच ठेवायचे आणि फरक वर कमरेला काढायचे. आतले सगळे थर घाला, कमरेला नाडी घट्ट बांधून घागरा त्यात अडकवा, खाली सगळीकडे जमिनीपासून सारखं अंतर येईपर्यंत वरचं कापड खालीवर सरकवा, नाडीच्या रेषेवर खूण करा आणि त्या रेषेवर चुण्या घालून पट्टा लावा. याला दुसरं माणूस लागतं, एकट्याने आरशात बघून हे होत नाही.

कापडाची पारख न करणं

चकचकीत पॉलिएस्टर साटीन फोटोत रेशमासारखं दिसतं, पण चुणी धरत नाही, इस्त्री बसत नाही, आणि आतल्या सगळ्या थरांवर ते घातलं की घामाघूम व्हायला होतं. बजेट कमी असेल तर मी साधं सुती किंवा लिनन घेईन, जरीच्या नकली ब्रोकेडच्या वाटेला जाणार नाही. शंका असेल तर दोन-चार धागे काढून चिमट्यात धरून सिंकवर जाळून बघा. सुती आणि लिननला कागद जळल्याचा वास येतो आणि मऊ राख होते, रेशीम-लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरते, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. आणि सुती, लिनन कापण्याआधी धुऊन घ्या, आटायचं ते आधीच आटू दे.

रात्री दमून कापायला बसणं

कामं दोन प्रकारची असतात हे एकदा लक्षात आलं की हा छंद रोजच्या धावपळीत बसतो. कटिंग, मापं, नमुन्याची ट्रायल, चुण्या मोजून लावणं, याला मोकळी जमीन, डोकं ताजं आणि सलग तास लागतात, हे सुट्टीचं काम. लांब शिलाई, काज, दोरीची भोकं, हेम (खालची दुमडलेली कड), अस्तर टाचणं हे अर्ध्या तासात उचलून ठेवता येतं, हे रोजच्या संध्याकाळचं. लोक नेमकं उलटं करतात. सुट्टीत आरामात बसून हेम घालतात, आणि कामाच्या दिवशी रात्री अकराला रेशमाला कात्री लावतात, मग दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या निघतात. म्हणून सुट्टी लागायच्या आधीच कापड धुऊन, इस्त्री करून, पॅटर्न कापून तयार ठेवा, म्हणजे पहिल्या दिवशी थेट कापायला बसता येईल. आणि सुट्टी संपताना पुढच्या महिन्याभराच्या हातशिलाईचे तुकडे सुई-दोऱ्यासकट वेगवेगळ्या पिशव्यांत भरून ठेवा. प्रत्येक पिशवीत चिठ्ठी टाका, कुठवर आलंय, पुढचा टाका कुठला, मार्जिन किती. तीन आठवड्यांनी पिशवी उघडल्यावर यातलं काही आठवत नसतं आणि आठवायचाच कंटाळा येऊन काम राहून जातं.

प्रवासात न्यायला हातानेच भरायची भोकं सगळ्यात चांगली, तुकडा लहान आणि मोजमाप काही नाही.

टाक्यांचं दडपण घेऊ नका. जुन्या शर्टांचे टाके खूप बारीक असतात हे खरं आहे, पण अठराव्या शतकातल्या गाऊनच्या घागऱ्याला बरेचदा साधा मोठा धावदोराच असायचा, कारण कापड महाग, ते उसवून पुन्हा वापरायचं असायचं. सगळीकडे बारीक टाके घालत बसलात तर पोशाख संपणार नाही, जिथे ताण येतो तिथे मात्र उलटी टीप घाला.

मशीन खालून दोऱ्याचा गुंता करत असेल तर बॉबिनला दोष देण्याआधी वरचा दोरा परत ओवा, आणि ओवताना कापड दाबणारा फूट वर उचललेला ठेवा, नाहीतर दोरा टेन्शनच्या चकत्यांमध्ये बसतच नाही. पातळ रेशमाला चुरगळ पडत असेल तर नवी बारीक सुई लावा, ७० नंबरची, स्टेजच्या जाड थरांना ९० किंवा १०० ची.

कार्यक्रमाच्या आदल्या रात्री सगळं उरकणं

तारीख जवळ आली आणि काम उरलं तर काय सोडायचं ते आधी ठरवून ठेवा. मी लेस, रिबिनी, झालर सोडेन, बाहीची फिटिंग सोडणार नाही. हेम कच्च्या टाक्याने घातलं तरी कुणाला दिसत नाही. अठराव्या शतकातल्या गाऊनचा पुढचा भाग तर बऱ्याचदा टाचण्यांनीच बंद करायचे, त्यामुळे हुक लावायला वेळ नसेल तर टाचण्या टोचा, टोक स्टेजच्या थरात आडवं जाईल असं, अंगाकडे नाही, आणि चार टाचण्या जास्तीच्या जवळ ठेवा.