रिकामे नोड बंद करा, मग एसीकडे वळा

पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत मी ४८ नोडचा क्लस्टर, म्हणजे मोठी गणितं करायला एकत्र जोडलेले ४८ सर्व्हर, सांभाळतो. विजेचं बिल वाढलं की सगळे आधी एसीकडे बोट दाखवतात. पहिली दोन वर्षं मीही तेच केलं. आता कोणी विचारलं तर सांगतो, तुमचा नोड काहीच काम करत नसताना किती वीज खातो ते आधी मोजा.

त्यासाठी वेगळा मीटर घ्यावा लागत नाही. बहुतेक सर्व्हरच्या बीएमसीत, म्हणजे सर्व्हरवर देखरेख करणाऱ्या त्याच्यातल्याच छोट्या स्वतंत्र चिपमध्ये, ही सोय असते. बीएमसीशी बोलणाऱ्या आयपीएमआयटूल या कमांडला 'डीसीएमआय पॉवर रीडिंग' विचारा, वॅटचा आकडा मिळतो. आठवडाभर दर पाच मिनिटांनी तो फाइलीत साठवा आणि त्या वेळी नोडवर जॉब (कोणी चालवायला दिलेलं काम) होता की नव्हता, तेही लिहा. माझा रिकामा नोड १३० वॅटच्या आसपास खात होता आणि रात्री सरासरी २२ नोड रिकामे असत. म्हणजे बारा तासांत साधारण ३४ युनिटं फुकट, आणि ती उष्णता बाहेर काढायला एसीची वीज वेगळी. गूगलच्या बारोसो आणि होल्झले यांनी २००७ मध्येच लिहिलं होतं की, चांगला सर्व्हरही जवळपास रिकामा असताना कमाल विजेच्या निम्मी वीज घेतो. प्रोसेसर तेव्हापासून सुधारले. पण पंखे, मेमरी आणि पॉवर सप्लाय चालू राहतातच.

आधी बायोस, म्हणजे सर्व्हरची मूळ सेटिंग, बघून घ्या. तिथे 'मॅक्सिमम परफॉर्मन्स' प्रोफाइल असेल तर सी-स्टेट, म्हणजे प्रोसेसरच्या वीज वाचवणाऱ्या झोपेच्या पायऱ्या, बहुधा बंद असतात. ते सुरू करा आणि रिकाम्या नोडवर टर्बोस्टॅट ही लिनक्सची कमांड चालवून कोअर सी६ या गाढ झोपेत जातात का, याची खात्री करा.

खरी बचत मात्र नोड पूर्ण बंद करण्यात आहे, आणि स्लर्ममध्ये, म्हणजे नोडना जॉब वाटून देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, ती सोय आहे. सस्पेंडप्रोग्राम आणि रिझ्यूमप्रोग्राम या दोन छोट्या स्क्रिप्ट लिहायच्या. पहिली नोड नीट शटडाउन करते, दुसरी बीएमसीमार्फत पुन्हा चालू करते. नोड किती वेळ रिकामा राहिला की बंद करायचा, तो सस्पेंडटाइम सेकंदांत द्यायचा. मी १८०० ठेवलाय, कारण आमचे विद्यार्थी छोटे जॉब एकामागून एक टाकतात आणि दहा मिनिटांनी नोड बंद करून लगेच उठवण्यात काही अर्थ नाही. लॉगिन आणि स्टोरेजचे नोड स्लर्ममध्ये नोंदवलेले असतील तर ते सस्पेंडएक्सनोड्समध्ये (कधीच बंद न करायच्या नोडच्या यादीत) न विसरता घाला.

पहिल्याच रात्री माझी एक चूक झाली, ती तुम्ही करू नका. नोड उठायची वाट किती वेळ बघायची तो रिझ्यूमटाइमआउट मुळात ६० सेकंद असतो आणि मी तो तसाच ठेवला. आमच्या नोडला मेमरी तपासून बूट व्हायला साडेचार मिनिटं लागतात. मिनिटभरात उत्तर आलं नाही म्हणून स्लर्मनं एकेक नोड 'डाउन' ठरवला, जॉब परत रांगेत गेले आणि सकाळी पीएचडीची एक विद्यार्थिनी रडकुंडीला येऊन माझ्या टेबलापाशी उभी होती. तिचा थिसिसचा महिना होता. म्हणून आधी घड्याळ लावून बूटची वेळ मोजा आणि तिच्या दुप्पट आकडा द्या. एका मिनिटात किती नोड उठवायचे तो रिझ्यूमरेटही कमी करा. मुळातला ३०० नोड प्रतिमिनिट आहे, मी ४ ठेवलाय. सगळे नोड एकदम उठले तर रॅकच्या एमसीबीवर आणि एनएफएसवर (सगळ्या नोडच्या सामायिक फाइल-साठ्यावर) एकाच वेळी ताण येतो. वापरणाऱ्यांना मेल करून आधीच कळवा, की रात्रीचा जॉब पाच मिनिटं उशिरा सुरू होईल. सांगितलं की लोक समजून घेतात.

एनव्हिडियाचे जीपीयू असतील तर एनव्हिडिया-एसएमआय या कमांडनं त्यांची पॉवर लिमिट थोडी खाली आणून आपलाच जॉब चालवून बघा. किती टक्के वेळ वाढला आणि किती युनिटं वाचली, हे प्रत्येक कोडसाठी वेगळं निघतं. ही मर्यादा रीबूटनंतर राहत नाही. आता नोड रोज बंद होणार, तेव्हा ती बूट स्क्रिप्टमध्येच टाका.

एवढं झालं की एसीकडे वळा. रॅकमधल्या रिकाम्या जागांवर ब्लँकिंग पॅनेल, म्हणजे साध्या झाकणपट्ट्या, लावा, नाहीतर मागची गरम हवा तिथून पुढे येते. मग तापमान वाढवा. अॅशरे या अमेरिकेतल्या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे सर्व्हरच्या तोंडाशी १८ ते २७ अंश चालतात. आमच्याकडे खोली १९ वर गोठवलेली असे. एका वेळी एकच अंश वाढवा आणि दोन दिवस थांबा. एसीच्या पंख्यांना वेग बदलायची सोय असेल तर तीही वापरा, कारण वेग ८० टक्क्यांवर आला की पंख्याला वीज जवळपास निम्मी लागते. मात्र हाच नियम सर्व्हरमधल्या पंख्यांना उलट्या बाजूनं लागतो: खोली तापली की ते वेग वाढवतात आणि वीज झपाट्यानं चढते. त्यामुळे बीएमसीतला वॅटचा आकडा रोज बघत राहा आणि तो चढू लागला की एक अंश मागे या. आमचा काटा २५ वर थांबला.