औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या नव्या इमारतीत घर घेताना आणि राहताना

डोंबिवलीचा एमआयडीसी (महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ) निवासी विभाग, ठाण्याची वागळे इस्टेट, पिंपरी-चिंचवडमधील भोसरी किंवा नवी मुंबईपलीकडचे तळोजा या भागांत कारखान्यांच्या भिंतीला भिंत लागेल इतक्या जवळ निवासी इमारती उभ्या आहेत आणि आणखी उभ्या राहत आहेत. नोकरीचे ठिकाण जवळ असते आणि शहराच्या मध्यभागापेक्षा भाव आवाक्यात असतो, त्यामुळे तेथे घर घेणे हा अविचार नव्हे. मात्र अशा घराचा विचार करताना चटई क्षेत्र आणि मासिक हप्ता यांच्याइतकेच लक्ष शेजारच्या कारखान्यांकडे द्यायला हवे, कारण पुढील वीस-पंचवीस वर्षांचा शेजार त्यांचाच असणार आहे.

प्रथम जमीन कोणाची आहे ते पाहावे. एमआयडीसीच्या हद्दीतील भूखंड सहसा 95 वर्षांच्या भाडेपट्ट्यावर दिलेला असतो आणि तेथे बांधकामाचे नियोजन प्राधिकरणही एमआयडीसीच असते. म्हणून नकाशाची मंजुरी व भोगवटा प्रमाणपत्र कोणी दिले, पट्ट्याची किती वर्षे उरली आहेत आणि पुढे घर विकताना हस्तांतरणाची परवानगी व शुल्क लागेल का, हे वकिलाकडून लेखी समजून घ्यावे. जुना कारखाना पाडून त्याच जागेवर इमारत उभी राहत असेल, तर औद्योगिक वापराचे निवासी वापरात रूपांतर कोणत्या आदेशाने झाले व त्यात कोणत्या अटी घातल्या आहेत, ते वाचणे आवश्यक आहे. त्या जागेत पूर्वी कोणते रसायन हाताळले जात होते, हा प्रश्नही बिल्डरला जरूर विचारावा. गृहप्रकल्पांची नोंदणी व नियमन करणाऱ्या महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची कागदपत्रे पाहता येतात. नोंदणीकृत करारनामा होण्यापूर्वी किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा अधिक रक्कम बिल्डरला घेता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

सॅम्पल फ्लॅट रविवारी दुपारी दाखवला जातो, तेव्हा अनेक कारखाने बंद असतात आणि वारा खेळता असतो. त्यामुळे जागा पुन्हा पाहायला जावे, आणि तेही कामाच्या दिवशी रात्री अकरानंतर आणि पहाटे. हिवाळ्यात रात्री जमिनीलगतची हवा थंड होऊन खाली बसते, वरच्या उबदार थरामुळे तिला वर जाता येत नाही आणि धूर व वास सकाळी ऊन तापेपर्यंत तेथेच कोंडून राहतात. म्हणून डिसेंबर-जानेवारीतील पहाट ही त्या जागेची खरी परीक्षा असते. आवाजाबाबत एक बारकावा आहे. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 नुसार निवासी क्षेत्रात दिवसा 55 व रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे, तर औद्योगिक क्षेत्रात ती अनुक्रमे 75 व 70 आहे. आपली इमारत कागदोपत्री कोणत्या क्षेत्रात मोडते यावर उद्याच्या तक्रारीचे वजन ठरते, त्यामुळे विकास आराखड्यात ते आधीच तपासावे.

यानंतरचे काम सर्वांत महत्त्वाचे आहे आणि ते एकट्याने नव्हे, तर सोसायटीने करायचे आहे. आसपासच्या साधारण एक किलोमीटरमधील कारखान्यांची यादी करून कोण काय बनवते आणि काय साठवते, याची नोंद ठेवावी. प्रदूषणाच्या क्षमतेनुसार उद्योगांची लाल, नारिंगी, हिरवी अशी वर्गवारी केलेली असते आणि या वर्गांतील कारखान्याला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र घ्यावे लागते. त्या संमतीपत्राची प्रत माहितीच्या अधिकारात मागता येते. घातक रसायनांचा मोठा साठा असलेल्या कारखान्याने अपघात झाल्यास काय करावे, याची माहिती बाहेरच्या रहिवाशांना देणे घातक रसायनांसंबंधीच्या 1989 च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. रहिवासी ती माहिती मागत नाहीत आणि कारखाने आपणहून देत नाहीत, ही स्थिती बदलायला हवी. कमिटीने कारखान्याच्या सुरक्षा अधिकाऱ्याला सोसायटीच्या सभेला बोलवावे.

ही दक्षता अवाजवी वाटत असेल, तर डोंबिवलीचा अनुभव आठवावा. 26 मे 2016 रोजी प्रोबेस आणि 23 मे 2024 रोजी अमुदान या रासायनिक कारखान्यांत झालेल्या स्फोटांत माणसे मृत्युमुखी पडली आणि आजूबाजूच्या इमारतींच्या काचा फुटल्या. 2024 च्या स्फोटानंतर धोकादायक कारखाने हलवण्याची घोषणा झाली. परंतु अशा घोषणेच्या भरवशावर घर घेऊ नये.

स्फोटाच्या वेळी घरातील माणसांना काचेचा मोठा धोका असतो. लखकन उजेड दिसला किंवा धूर उठला की माणूस पाहण्यासाठी खिडकीकडे धावतो आणि हवेचा दणका त्यानंतर येऊन पोहोचतो. म्हणून खिडकीपासून दूर, आतल्या खोलीत जाण्याची सवय मुलांनाही लावावी. पलंग व पाळणा मोठ्या काचेखाली ठेवू नये आणि शक्य असल्यास कारखान्याच्या बाजूच्या खिडक्यांना लॅमिनेटेड काच बसवावी, कारण ती तडकली तरी तिचे तुकडे मधल्या थराला चिकटून राहतात.

वायुगळती झाल्यास प्रशासनाने बाहेर पडण्यास सांगेपर्यंत बहुधा घरातच थांबणे सुरक्षित असते. दारे-खिडक्या बंद करून एक्झॉस्ट पंखे व एसी बंद करावेत, फटींत ओले कापड लावावे आणि नाकातोंडावर ओला रुमाल धरावा. क्लोरीन हवेपेक्षा जड असल्यामुळे तळमजल्यावर साचतो, अशा वेळी वरच्या मजल्यावर जाणे योग्य ठरते. अमोनिया मुळात हलका असला तरी गळतीच्या ठिकाणी थंड धुक्यासारखा जमिनीलगत पसरू शकतो. बाहेर पडावेच लागले, तर वायूच्या ढगाच्या पुढे वाऱ्याबरोबर धावू नये. वाऱ्याला आडवे जावे. कुजक्या अंड्यासारखा वास येता येता एकाएकी थांबला, तर धोका टळला असे समजू नये, कारण हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण वाढले की नाकाची संवेदनाच बधिर होते. 112 आणि 101 हे क्रमांक, तसेच आधाराशिवाय जिना उतरू न शकणाऱ्या रहिवाशांची यादी वॉचमनकडे असावी.

रोजच्या जगण्यात खिडक्या पहाटेऐवजी ऊन चढल्यावर उघडाव्यात. हवा शुद्ध करणारे यंत्र घेणार असाल, तर हेपा फिल्टर धूलिकण अडवतो पण वायू अडवत नाही, त्यासाठी सक्रिय कोळशाचा थर लागतो, हे जाणून घ्यावे. बोअरवेलचे पाणी मात्र पिण्यासाठी वापरूच नये. उकळल्याने जंतू मरतात, जड धातू जात नाहीत, आणि टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजणाऱ्या छोट्या यंत्राला विद्रावके (सॉल्व्हंट) ओळखता येत नाहीत. प्रयोगशाळेतील तपासणीला पर्याय नाही.

ताबा घेताना प्रत्येक भिंतीची तारखेसह छायाचित्रे काढावीत, विशेषतः जवळ फोर्जिंगचे (तापलेला धातू ठोकून आकार देणारे) हातोडे किंवा मोठे प्रेस चालत असतील तर. पुढे तडे गेल्यास बिल्डर कंपनाकडे बोट दाखवेल. परंतु रेरा कायद्यानुसार ताब्यापासून 5 वर्षांच्या आत बांधकामातील दोष कळवल्यास 30 दिवसांत ते विनामूल्य दुरुस्त करण्याची जबाबदारी त्याची असते.

वास, काजळी किंवा नाल्याच्या बदललेल्या रंगाची तक्रार करताना तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा आणि किती घरांना त्रास झाला, यांची नोंदवही सोसायटीने ठेवावी. मोघम अर्जापेक्षा दोन महिन्यांच्या नोंदींना प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याला उत्तर देणे भाग पडते. त्या कारखान्यांत आपल्याच इमारतीतील अनेकांची भाकरी असते, म्हणून मागणी कारखाना बंद करण्याची नसून सांडपाण्यावर व धुरावर नियमानुसार प्रक्रिया करण्याची असावी, असे मला मनापासून वाटते. दाद मिळाली नाही, तर पुण्यातील राष्ट्रीय हरित लवादाच्या खंडपीठाकडे जाता येते. तेथे घटनेपासून सहसा 6 महिन्यांची मुदत असते, त्यामुळे पत्रव्यवहारात वर्ष घालवू नये. अपघातात इजा झाली किंवा घराचे नुकसान झाले, तर सार्वजनिक दायित्व विमा कायदा, 1991 अन्वये जिल्हाधिकाऱ्यांकडे 5 वर्षांच्या आत अर्ज करता येतो. त्यासाठी फुटलेल्या काचांची छायाचित्रे, पंचनाम्याची प्रत, दवाखान्याची कागदपत्रे आणि दुरुस्तीची बिले पहिल्या दिवसापासून जपून ठेवावीत.