ओ-पेअर म्हणून जर्मनीला निघालात? या चुका टाळा

नांदेड असो, बीड असो की धाराशिव, जर्मनीला ओ-पेअर म्हणून, म्हणजे तिथल्या घरात राहून त्यांची लेकरं सांभाळत जर्मन शिकायला, जायचं ठरवलेल्या पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ए-वन किती दिवसांत निघतं?" ए-वन म्हणजे जर्मनची पहिली पातळी. जर्मन कधी बोलता येईल, हे कुणी विचारत नाही. पुढच्या निम्म्या चुका या घाईतूनच होतात.

ए-वन पाठ करून काढणं

जर्मन शिकवणाऱ्या आणि तिची परीक्षा घेणाऱ्या गोएथे इन्स्टिट्यूटच्या हिशेबाने ए-वनला 45 मिनिटांचे 80 ते 200 तास लागतात. "तीन आठवड्यांत गॅरंटी" अशी पाटी लावणारा क्लास तुम्हाला जर्मन शिकवत नाही, पेपर शिकवतो. आपण लातूर पॅटर्नच्या मुलखातले, पाठांतरात कुणाला हार जायचो नाही. स्टार्ट डॉइच वन, म्हणजे ए-वनच्याच पेपरच्या तोंडी परीक्षेत स्वतःची ओळख करून द्यायची असते: नाव, वय, देश, गाव, भाषा, काम, छंद. ही सात वाक्यं सगळे घोकून जातात. 100 पैकी 60 गुण पडले की पास, मग पेढे.

अहमदपूरकडच्या एका मुलीला चांगले ऐंशीच्या वर गुण होते. मुंबईला व्हिसाच्या मुलाखतीत तिला जर्मनमधून विचारलं, त्या घरात लेकरं किती, केवढी, धाकट्याला दुपारी कोण आणणार? तिने सुरू केलं, माझं नाव अमुक, मी भारतातून येते, माझा छंद वाचन. तिला मधेच थांबवून तोच प्रश्न सावकाश परत विचारला. तिने पुन्हा नावापासून सुरुवात केली. व्हिसा नाकारला गेला आणि घरच्यांनी नशिबाला बोल लावला. नशिबाचा काय संबंध? जे लेकरू सांभाळायचं, त्याचं वयही तिला जर्मनमध्ये सांगता येत नव्हतं.

माझ्याकडे येणाऱ्यांना मी पुस्तकातला पहिला धडा बाजूला ठेवायला लावते. आधी लेकराशी बोलायची तीस-चाळीस वाक्यं: ये, थांब जरा, हात धू, बूट घाल, गरम आहे, कुठे दुखतंय? ती वहीत लिहून उपयोग नाही. घरातल्या भाच्याला बूट घालताना मोठ्याने म्हणायची, "त्सी दी शूए आन". क्रियापदातला "आन" शेवटी जातो, हे नियम वाचून नाही, शंभर वेळा बूट घालून डोक्यात बसतं. आकडे आणि घड्याळ पक्कं करा. "हाल्ब फिअर" म्हणजे साडेतीन. ते साडेचार समजलात, तर बालवाडीच्या दारात लेकरू तासभर ताटकळेल.

आधी जाऊ, मग बघू

ही दुसरी चूक जास्त महागात पडते. नियम असे आहेत: दिवसाला जास्तीत जास्त 6 तास, आठवड्याला 30 तास, आणि रात्री लेकरांजवळ थांबणं त्यातच धरायचं. आठवड्यातून दीड दिवस सुट्टी, महिन्यातून किमान एक रविवार मोकळा, वर्षभर राहिलात तर 4 आठवड्यांची रजा. हातखर्चाला महिना 280 युरो, भाषेच्या क्लाससाठी वेगळे 70 युरो, क्लासला जायचं तिकीट आणि विमाही यजमानांकडून. हे सगळं करारात असतं आणि कुणी धड वाचत नाही.

क्लासचे वार करारात लिहून घ्या. गावच्या फोल्क्सहोखशूलंची (मोठ्यांसाठीच्या सार्वजनिक शिकवणी केंद्रांची) सत्रं साधारण फेब्रुवारी-मार्च आणि सप्टेंबरमध्ये सुरू होतात. ऑक्टोबरात पोचलात तर तुमच्या पातळीचा वर्ग भरलेला असू शकतो. म्हणून व्हिसा हातात येण्याआधीच यजमानांना विचारा, क्लास कुठे, कोणत्या वारी, तेव्हा लेकरं कोणाकडे?

तिथे गेल्यावर कामाचे तास वाढत जातात, ते कुणाच्या दुष्टपणाने नव्हे, तुमच्या गप्प बसण्याने. मोठ्यांना नाही म्हणायचं नाही, हे आपल्या हाडात मुरलेलं. जर्मन माणूस मात्र गप्प बसण्याला होकार समजतो. रोज रात्री भिंतीवरच्या कॅलेंडरवर तास लिहा, रविवारी यजमानांबरोबर बसून बघा. भांडायची वेळ सहसा येत नाही.

दुसरी आवडती पळवाट म्हणजे इंग्रजी. घरातले लोक चांगुलपणाने इंग्रजीत बोलतात, तुम्हालाही बरं वाटतं आणि वर्ष संपतं तेव्हा जर्मन ए-वनलाच असतं. ओ-पेअरचा मुक्काम जास्तीत जास्त एक वर्षाचा, पुढे वाढत नाही आणि दुसऱ्यांदा मिळत नाही. नंतर आउसबिल्डुंग, म्हणजे कामासोबतचं व्यवसाय शिक्षण, करायची तर साधारण बी-वन, म्हणजे ए-वनच्या दोन पायऱ्या वरची पातळी लागते. माझा नियम साधा आहे: आजारपण, पैसा आणि भांडण यांपुरतं इंग्रजी, बाकी सगळं मोडकंतोडकं जर्मन. चार वर्षांच्या लेकरासारखा मास्तर नाही. रोज झोपताना तेच एक चित्रांचं पुस्तक वाचा. नामाआधी लागणाऱ्या "देर" च्या जागी "दी" म्हणालात की ते पोरगं लगेच चूक काढेल.

ओळखीचं मराठी घर

"म्युनिकला आत्याच्या नात्यातलं कुटुंब आहे, तिथेच राहते." नाही चालत. नातेवाईक असतील तर मुळीच नाही. नात्यात नसले, तरी ज्या घराची मातृभाषा जर्मन नाही तिथे ओ-पेअर त्यांच्याच मूळ देशातला चालत नाही. सोय बघून जाणाऱ्यांचा अर्ज इथेच अडतो.

एजंटाला लाखात पैसे देणं

जर्मनीतल्या एजन्सीला ओ-पेअरकडून जास्तीत जास्त 150 युरो घेता येतात. गावातला कुणी "जर्मनीत नोकरी" म्हणून लाख-दोन लाख मागत असेल, तर उठून या. ही नोकरी नाही, आणि 280 युरोत व्याजाचं कर्ज फिटत नाही. व्हिसाची फी आधी पाठवा म्हणणारं "यजमान कुटुंब"ही खोटंच समजा.

आणि हे

वयाची 27 वर्षं पूर्ण व्हायच्या आत अर्ज करा. वाढदिवस उलटला की संपलं.

लेकरांचे फोटो स्टेटसला टाकू नका, कितीही गोड दिसले तरी. त्यावरून करार मोडू शकतो, आणि नोटीस फक्त 14 दिवसांची असते. तेवढ्यात नवं घर शोधणं सोपं नसतं.

वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचा नाही. काजळ, तेलमालीश हे आईला विचारल्याशिवाय नाही.

पोचल्यावर दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंद करा. यजमानांकडून घर दिल्याचा कागद आधीच मागून ठेवा.

लाल मिरचीची फोडणी पहिल्या आठवड्यात नको. घरात धुराचा अलार्म असतो, आणि तो वाजला की झोपलेलं लेकरू उठतं. करायचीच असेल तर स्वयंपाकघराचं दार लावून, खिडकी उघडून करा.