प्रॉडक्शन डिझायनर होताय? मग या चुका टाळा

सेट, रंग आणि वस्तूंमधून चित्रपटाचं जग पडद्यावर कसं दिसेल, हे ठरवतो तो प्रॉडक्शन डिझायनर. पटकथा एकदा वाचायची आणि लगेच चित्रं गोळा करायला बसायचं, इथेच पहिला घोळ होतो. त्या चित्रांचा फलक, म्हणजे मूडबोर्ड, देखणा दिसतो, दिग्दर्शक खूश. मग बांधकाम निम्म्यावर आल्यावर लक्षात येतं, की नायिका ज्या दारातून पळते त्याच्या बाहेर जिना हवा होता. म्हणून आधी ब्रेकडाउन करा: प्रत्येक प्रसंगाचं ठिकाण, वेळ, पात्रं, त्यांच्या हातातल्या वस्तू, आणि मागच्या प्रसंगापासून किती दिवस गेले. काम कंटाळवाणं आहे, पण त्याला पर्याय नाही.

दुसरी चूक अनुभवी लोकही करतात. सेट डोळ्यांना आवडेल असा बांधतात. सुपर ३५ सेन्सर (सिनेमा कॅमेऱ्यांमधला एक प्रचलित आकार), ५० मिमी लेन्स आणि पात्र ३ मीटरवर असेल, तर त्या अंतरावर फ्रेमची रुंदी भरते जेमतेम दीड मीटर. भिंतभर केलेलं कोरीवकाम मग कोण बघणार? सिनेमॅटोग्राफरशी लेन्सबद्दल बोलल्याशिवाय सुताराकडे नकाशा देऊ नका. खोली लहान असेल तर निदान एक भिंत काढता येईल अशी ठेवा, नाहीतर कॅमेरा मागे सरकणार कुठे?

‘जुनं घर’ म्हटलं की सगळीकडे सारखाच तपकिरी स्प्रे मारणं, याची मला खरोखर चीड येते. घर असं जुनं होत नाही. दाराच्या मुठीजवळचा रंग आधी उडतो, स्विचभोवती बोटांचे डाग पडतात, टांगलेला फोटो उतरवला की भिंतीवर उजळ चौकोन राहतो. तो फोटो कुणाचा होता, हे पटकथेत नसलं तरी तुम्हाला माहीत हवं.

फुटणाऱ्या वस्तूची एकच प्रत आणू नका, रीटेक होणारच. बारीक पट्ट्यांचं कापड आधी कॅमेऱ्यापुढे धरून बघा, पडद्यावर त्याच्या लाटा दिसू शकतात. पोकळ प्लॅटफॉर्मवर पावलं ढोलासारखी वाजतात, खाली जाड फोम भरा.

आणि हे काम म्हणजे फर्निचर मांडणं नव्हे. १९३९च्या ‘गॉन विथ द विंड’ या हॉलिवूड चित्रपटासाठी विल्यम कॅमेरॉन मेन्झीस यांनी दृश्यांच्या चौकटी आणि रंगही आधीच रेखाटले होते, प्रॉडक्शन डिझायनर हे बिरुद रूढ झालं ते तिथूनच.

कॅमेरा टेस्टमध्ये सेट सपाट दिसला तर घाईने रंग बदलू नका. आधी सोफा भिंतीपासून दोन फूट पुढे ओढा, मागच्या कोपऱ्यात एक दिवा लावा आणि परत मॉनिटर बघा.