अंड्यांसाठी परसात कोंबडी पाळताय? जात निवडताना या चुका टाळा

वर्षाला तीनशे अंडी देणारी कोंबडी हवी, असे कोणी म्हणाले की मी आधी एकच विचारतो : तिला ठेवणार कुठे? व्हाइट लेगहॉर्न या जातीचे संकर तीनशेच्या आसपास अंडी देतात हे खरे आहे. परंतु ती पिंजऱ्यात, रोज शंभर ते एकशे दहा ग्रॅम संतुलित खाद्य आणि सुमारे सोळा तास प्रकाश मिळाल्यावर. तीच कोंबडी परभणीकडच्या एखाद्या आखाड्यावर (शेतातल्या वस्तीवर) ज्वारीच्या कण्यांवर सोडली, तर तो आकडा कागदावरच राहतो. शिवाय तिची पांढरी पिसे घारीला दुरून दिसतात आणि पांढऱ्या अंड्याला गावरानचा भाव कोणी देत नाही, ते वेगळेच.

म्हणून तुलना करायची तर परसातल्या आकड्यांची करावी. गावठी कोंबडी वर्षाला साधारण ५० ते ७० अंडी देते, वनराज १०० ते १२०, तर ग्रामप्रिया १६० ते १८०. शेवटच्या दोन्ही जाती हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने परसासाठीच तयार केल्या असल्या, तरी त्यांचा हेतू सारखा नाही, आणि सर्वाधिक फसगत नेमकी इथेच होते. वनराज ही मांस आणि अंडी अशा दुहेरी उपयोगाची, अंगाने भारी जात आहे. तिला दोन्ही वेळ पोटभर मका घातला, तर ती अंड्यांऐवजी चरबी धरते. अंडी बंद झाली म्हणून कापलेल्या अशा एका कोंबडीच्या पोटात मी बोटभर जाडीचा पिवळा थर पाहिला आहे. अंडी हाच उद्देश असेल तर ग्रामप्रिया घ्यावी. वनराज घेतलीच, तर तिला दिवसभर चरू द्यावे आणि दाणे संध्याकाळी मोजून टाकावेत.

कडकनाथविषयी थोडक्यात सांगतो. झाबुआच्या कडकनाथाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते त्याच्या काळ्या मांसासाठी. त्याचे अंडे काळे नसते आणि अंड्यांची संख्याही बेताचीच असते, त्यामुळे केवळ अंड्यांसाठी महागडी पिल्ले घेण्यात अर्थ नाही.

सुधारित जातीची अंडी घरीच उबवून कळप वाढवण्याचा विचार मोहक वाटतो, पण संकराचे गुण पुढच्या पिढीत टिकत नाहीत आणि या कोंबड्या सहसा खुडूकही होत नाहीत, म्हणजे अंडी उबवायला बसत नाहीत. खुडूक न होणे हा दोष नव्हे. खुडूक बसलेली कोंबडी अंडी देत नाही, म्हणून तर निवडीत हा गुण मागे पडला. तरीही दोन-तीन गावठी कोंबड्या कळपात असू द्याव्यात. पिल्ले कशी जपायची आणि घार दिसताच कशी हाक द्यायची, हे त्यांना शिकवावे लागत नाही.

अंडी थांबली की दोष जातीला देण्याआधी कोंबडी हातात घेऊन पाहावी. गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंच्या टोकदार हाडांमध्ये दोन-तीन बोटे सहज बसत असतील आणि तुरा लाल, मऊ असेल, तर ती अंडी देत आहे. मग अंडी मुंगूस नेतो की कुत्रे, की ती कडब्याच्या गंजीत घालते, हे शोधावे. अंतर बोटभरच असेल आणि तुरा फिका असेल, तर कारण तिच्या शरीरात आहे. डिसेंबरात आपल्याकडे दिवस अकरा तासांचा होतो, तेव्हा खुराड्यात पहाटे दिवा लावल्याने फरक पडतो. मे महिन्यात कोंबडी चोच उघडून धापा टाकते, तेव्हा श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडून रक्तातले कार्बोनेट घटते आणि कवच कागदासारखे पातळ होते. त्या काळात शिंपल्याचा चुरा कायम समोर ठेवावा आणि पाण्याचे मातीचे भांडे सावलीत ठेवून दुपारी पुन्हा भरावे.

खरेदीच्या वेळीही दोन गोष्टी निसटतात. एक दिवसाची, नर-मादी न निवडलेली पिल्ले घेतली, तर जवळपास निम्मे कोंबडे निघतात. वीस तलंगा (तरुण कोंबड्या) हव्या असतील तर हिशेब चाळीसचा धरावा. दुसरे म्हणजे मानमोडी, म्हणजेच राणीखेत रोगाची लस. लासोटा नावाची ही लस पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा चौथ्या आठवड्यात द्यावी लागते. ती राहून गेली, तर ग्रामप्रिया काय नि गावठी काय, एका आठवड्यात खुराडे रिकामे होते.