गोष्टीतलं भविष्यातलं शहर खरं वाटावं म्हणून काय करायचं

विज्ञानकथा लिहायला किंवा कॉमिक काढायला बसलं की बहुतेकांचा पहिला परिच्छेद सारखाच येतो, काचेचे उंच टॉवर, वरून उडत्या गाड्या, जिकडेतिकडे स्क्रीन. वाचणाऱ्याला मात्र आपण तिथं उभे आहोत असं वाटत नाही, कारण टॉवर लांबून बघायचे असतात आणि शहर कळतं ते चालताना, जिने चढताना, गर्दीतून वाट काढताना. मला विचाराल तर माणसं किती थरांवर, म्हणजे एकावर एक असलेल्या रस्त्यांवर, पुलांवर, मजल्यांवर जगतायत आणि एका थरावरून दुसऱ्यावर कशी जातायत हे दिसलं की शहर आपोआप पुढच्या काळातलं वाटायला लागतं. तेव्हा आधी थर ठरवा.

चीनमधल्या चोंगचिंगचे व्हिडिओ जरूर बघा. यांगत्झे आणि जियालिंग नद्यांच्या संगमावर, डोंगरउतारावर वसलेलं शहर, सपाट जागा फार कमी. तिथं लिझीबा नावाचं स्टेशन आहे, मोनोरेल १९ मजली बिल्डिंगच्या पोटातून जाते, स्टेशन सहाव्या ते आठव्या मजल्यावर आणि त्याच्या वर लोकांची घरं. गाडी बिल्डिंगमध्ये शिरते तो फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो, पण लिहिणाऱ्याने त्याच्या मागचं बघायचं: स्टेशन आणि बिल्डिंग एकत्रच डिझाइन केलेत, दोघांचे खांब वेगळे ठेवलेत म्हणजे हादरा घरांत जाऊ नये, गाडीची चाकं रबरी आहेत म्हणून खडखडाट कमी. आता तुमच्या पात्राला नवव्या मजल्यावर राहायला पाठवा, खालून गाडी गेली तरी कपातला चहा हलत नाही असं एक वाक्य लिहा, अर्धं काम तिथंच झालं. त्याच शहरात २४ मजल्यांची एक जुनी वसाहत आहे, लिफ्टच नाही, कारण उतारामुळे तीन वेगवेगळ्या मजल्यांवरून थेट रस्त्यावर बाहेर पडता येतं. 'तळमजला कुठला?' हा प्रश्न जिथं पडतो तिथं वाचक गुंगलाच समजा.

हे थर मनाला येईल तसे रचू नका, त्यांच्यामागे काहीतरी अडचण पाहिजे. हाँगकाँगमध्ये मिड-लेव्हल्स या डोंगरउतारावरच्या वस्तीची चढण एवढी की १९९३ मध्ये रस्त्यांवरून जाणारे सरकते जिने बसवले, साधारण ८०० मीटर लांबी, चढ १३५ मीटरचा. सकाळी ६ ते १० ते खाली जातात, कामावर निघालेल्या लोकांसाठी, आणि मग रात्री बारापर्यंत वर. म्हणजे घड्याळाप्रमाणे शहराची दिशा बदलते! असा एक नियम तुमच्या शहराला द्या, चार पानांचं वर्णन टळेल.

आपल्याकडे बघायचं असेल तर अंधेरी पूर्वेला जाऊन उभं राहा. खाली अंधेरी-कुर्ला रोडची गर्दी, त्याच्यावर वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेचा फ्लायओव्हर, आणि त्याच्याही वरून २०१४ ला सुरू झालेली मेट्रो केबलच्या पुलावरून जाते. पावसाळ्यात दिवस मावळल्यावर वीसेक मिनिटं आभाळ गडद निळं असतं, दिवे लागलेले, रस्ता ओला, सगळे दिवे खाली पाण्यात परत दिसतात, त्या वेळी मोबाइलवर फोटो काढा आणि नंतर लिहिताना समोर ठेवा. खाली छत्री सांभाळत भुट्टा भाजणारा माणूस फ्रेममध्ये आला तर कापू नका, तोच पाहिजे, कारण जुनं सगळं पुसून टाकलेलं शहर सिमेंट कंपनीच्या जाहिरातीसारखं दिसतं.

उजेडाचं थोडक्यात: दिव्याचा रंग काळ सांगतो. २०१५ मध्ये मरीन ड्राइव्हचे पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावले तेव्हा लोक नाराज झाले, रस्ता तोच होता तरी. म्हणून जुन्या वस्तीत पिवळा आणि नव्या थरावर पांढरा एवढं केलं तरी पुरतं, दहा रंगांचे निऑन नकोत.

आणि दुरुस्ती विसरू नका. टोकियोत १९७२ साली किशो कुरोकावा या आर्किटेक्टने नाकागिन कॅप्सूल टॉवर बांधला, १४० खोल्या डब्यांसारख्या लटकवलेल्या, साधारण २५ वर्षांनी जुना डबा काढून नवा बसवायचा अशी कल्पना. एकही डबा कधी बदललाच गेला नाही, आणि २०२२ मध्ये अख्खी इमारत पाडली. मला ही गोष्ट फार लागते. तुमच्या शहरातही कुणीतरी केबल जोडत असू दे, कुठलीतरी लिफ्ट बंद असू दे, कुठल्यातरी मशीनचा पार्ट मिळत नसू दे, लगेच ते वापरातलं वाटतं. आवाजही ओळखीचा ठेवा, गाडी कितीही नवी असली तरी 'पुढील स्टेशन' ऐकू आलं की मराठी वाचक आत बसलाच.

आता करून बघायला एक सराव. कोल्हापूर घ्या. २०१९ ला आणि परत २०२१ ला पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं, शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतसुद्धा, तेही गणपतीच्या तोंडावर. समजा शंभर वर्षांनी ही गल्ली पुराच्या रेषेच्या वर उचलून बांधलीय, खाली पाण्याला वाट मोकळी, वर कारखाने, शाडूची पोती मालाच्या लिफ्टने वर येतात, आणि पूर असला की गल्लीतून गल्लीत जायला वरचे पूल. तिथल्या एका कुंभाराचा चतुर्थीच्या सकाळचा तास लिहा, दोनशे शब्द, टॉवर हा शब्द न वापरता. खाली पाणी भरलंय, वर ढोल-ताशा घेऊन मंडळाची पोरं आलीयत, आणि बारा फुटी मूर्ती त्या लिफ्टमध्ये मावत नाही. ती खाली कशी उतरवतात ते लिहा.